इंधन टाकी, प्लॅस्टिकची

मोटारगाडीच्या एंजिनाला लागणारे पेट्रोल वा डीझेल साठविण्यासाठी उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनापासून बनविलेले बंदिस्त पात्र. पत्र्याच्या टाकीच्या मानाने ती हलकी असते, गंजत नाही आणि गाडीच्या तळाशी असलेल्या वेड्यावाकड्या जागेत बसेल अशा आकाराची करता येते. तथापि प्लॅस्टिक हे द्रव्य इंधनाच्या बाबतीत पूर्णतः निष्क्रिय नाही. इंधनाचा काही अंश ते शोषून घेते, त्यामुळे फुगते, आणि वर्षे लोटतील तसे त्याचे काही मूळ गुणधर्म बदलतात. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या झालेल्या गाड्यांत या टाक्यांचे विशिष्ट दोष दिसू लागतात. ते वेळीच ओळखणे हा वाहनसुरक्षेचा एक महत्त्वाचा भाग आहे.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांच्या टाक्या तांब्याच्या, पितळेच्या वा लोखंडी पत्र्याच्या असत. पुढे शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा सर्वत्र रूढ झाला. भारतात दीर्घकाळ उत्पादनात असलेल्या ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्याच होत्या. अशा टाक्यांचा मुख्य शत्रू गंज. इंधनाबरोबर येणारे व हवेतील बाष्प थंड होऊन जमणारे पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते व पत्रा आतून कुरतडते.

उच्च घनतेचे पॉलिएथिलीन १९५० नंतरच्या काही वर्षांत उपलब्ध झाले. अमेरिकेत जे. पॉल होगन व रॉबर्ट बँक्स यांनी १९५१ मध्ये, तर जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली एथिलिनाचे बहुवारिकीकरण (अनेक साध्या रेणूंचा संयोग होऊन प्रचंड रेणू बनण्याची प्रक्रिया) घडवून आणण्याच्या पद्धती शोधून काढल्या. त्सीग्लर यांना या क्षेत्रातील कार्यासाठी १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जूल्यो नात्ता यांच्यासमवेत मिळाले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या गाडीत प्लॅस्टिकची टाकी प्रथम वापरण्याचे श्रेय सामान्यतः पश्चिम जर्मनीत १९७३ मध्ये बाजारात आलेल्या फोक्सवॅगन पासाट या गाडीला देतात. त्यानंतर यूरोप व अमेरिकेत या टाक्यांचा प्रसार झाला. भारतातही नव्या आराखड्याच्या गाड्यांबरोबर त्या आल्या. आज मोटारगाड्यांखेरीज अनेक ट्रॅक्टरांनाही प्लॅस्टिकच्या टाक्या असतात [⟶ प्लॅस्टिके, मोटारगाडी].

रचना व निर्मिती : टाकी तयार करण्यासाठी तापवून मऊ केलेल्या पॉलिएथिलिनाची जाड नळी दोन अर्धसाच्यांच्या मध्ये लोंबती सोडतात. साचे मिटवून नळीत दाबाखालील हवा फुंकली की, प्लॅस्टिक साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटते व त्याचा आकार घेते. साचे मिटताना जेथे नळी चिमटली जाते तेथे टाकीवर एक कंगोरा उरतो. हा सांधा टाकीचा सर्वांत नाजूक भाग होय. भिंतीची जाडी सामान्यतः ४ ते ६ मिमी. असते, पण कोपऱ्यांवर प्लॅस्टिक अधिक ताणले जात असल्याने तेथे ती कमी भरते.

पॉलिएथिलिनाची घनता दर घ. सेंमी.ला सु. ०.९५ ग्रॅ. व पोलादाची ७.८५ ग्रॅ. आहे. म्हणजे ०.८ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौ. मी.ला सु. ६.३ किग्रॅ., तर ५ मिमी. जाडीच्या प्लॅस्टिकच्या भिंतीचे सु. ४.८ किग्रॅ. भरते. भिंत सहापट जाड असूनही वजनात सु. २५ टक्के बचत होते. प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते. तिच्यामुळे टाकीला काळा रंग येतो व सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपासून संरक्षण मिळते. टाकीच्या माथ्यावर एक मोठे वर्तुळाकार तोंड असते व त्यातून विद्युत् पंप आणि इंधनाची पातळी दर्शविणारा तरंगकाटा आत बसवितात. हे तोंड रबरी कड्याने व आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या वा धातूच्या मोठ्या कड्याने बंद केलेले असते. याशिवाय इंधन भरण्याची नळी, हवा आत-बाहेर जाण्याची बारीक नळी आणि गाडी उलटल्यास आपोआप मिटणारी झडप हे भाग टाकीला जोडलेले असतात.

पार्यता : पार्यता म्हणजे एखाद्या पदार्थातून दुसऱ्या पदार्थाचे रेणू पलीकडे जाऊ देण्याचा गुणधर्म. पेट्रोल व पॉलिएथिलीन हे दोन्ही हायड्रोकार्बनांचेच बनलेले असल्याने पेट्रोलाचे रेणू प्लॅस्टिकमध्ये विरघळतात, भिंतीतून विसरणाने (अधिक संहतीकडून कमी संहतीकडे होणाऱ्या रेणूंच्या संचाराने) हळूहळू पुढे सरकतात व बाहेरच्या बाजूने हवेत निसटतात. टाकीला कोठेही छिद्र नसताना गाडीजवळ पेट्रोलचा मंद वास येतो, त्याचे हे एक कारण आहे. सुरुवातीच्या एकथरी टाक्यांत ही गळती रोखण्यासाठी आतील पृष्ठभागावर फ्ल्युओरीन वायूची किंवा गंधक ट्रायऑक्साइडाची विक्रिया करीत. त्यामुळे तयार होणारा अडथळ्याचा थर अतिशय पातळ असतो व खरवडला गेल्यास निकामी होतो.

१९९० नंतरच्या दशकात बहुथरी टाक्या प्रचारात आल्या. त्यांत एथिलीन व व्हिनिल अल्कोहॉल यांच्या सहबहुवारिकाचा एक पातळ थर भिंतीच्या मधोमध असतो. त्याच्या दोन्ही अंगांस चिकट थर, बाहेरच्या बाजूस पुनर्वापरातील प्लॅस्टिकचा थर आणि दोन्ही टोकांस शुद्ध पॉलिएथिलिनाचे थर, असे एकूण सहा थर होतात. मधला थर हायड्रोकार्बनांना अत्यंत प्रभावीपणे अडवितो. मात्र पाणी व अल्कोहॉल यांच्या सान्निध्यात त्याची ही क्षमता काहीशी घटते. जुन्या गाडीची टाकी एकथरी आहे की बहुथरी आहे, यावर तिचे पुढील वर्तन बरेचसे अवलंबून असते.

जुनेपणामुळे येणारे दोष : (१) फुगणे : इंधन शोषल्यामुळे टाकीचे आकारमान काही टक्क्यांनी वाढते. याचा ठळक प्रत्यय पंप काढताना येतो. वर्षानुवर्षे इंधनात भिजलेले तोंड किंचित मोठे झालेले असते. एकदा उघडलेले आट्यांचे कडे मग पुन्हा बसत नाही, किंवा वाकडे बसते व पेट्रोल पाझरू लागते. तोंड काही तास उघडे ठेवून सुकू दिल्यास ते बरेचसे मूळ मापावर येते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने बळजबरीने कडे आवळून आटे तोडण्याचे प्रकार घडतात.

(२) विसर्पण : सतत भाराखाली असलेले प्लॅस्टिक कालांतराने हळूहळू ताणले जाते. यास विसर्पण म्हणतात. पूर्ण भरलेल्या टाकीचे वजन ज्या पोलादी पट्ट्यांवर पेललेले असते, त्यांच्या मधला तळाचा भाग खाली झोळीसारखा लोंबू लागतो. त्यामुळे रस्त्यावरील दगड व गतिरोधक यांपासूनचे अंतर कमी होते आणि तरंगकाटा चुकीची पातळी दाखवू लागतो.

(३) ताणभंग : इंधन, ताण व उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने प्लॅस्टिकला केसासारख्या बारीक चिरा पडतात. प्लॅस्टिक टिकाऊ राहावे म्हणून त्यात घातलेली ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये इंधनात हळूहळू विरघळून जातात व मग ते ठिसूळ बनते. चिरा बहुधा चिमटलेल्या सांध्यापाशी, पट्ट्यांच्या कडांखाली आणि वरच्या बाजूस असलेल्या नळ्यांच्या बुंध्याशी आढळतात. वरच्या बाजूची चीर टाकी अर्धी असेतो समजत नाही. टाकी काठोकाठ भरली किंवा गाडी चढावर उभी केली की मगच पेट्रोल ठिबकते. त्यामुळे “फक्त टाकी भरल्यावर वास येतो” ही तक्रार किरकोळ मानणे धोक्याचे असते.

(४) श्वसनमार्ग बंद होणे : टाकीतून इंधन जसे कमी होते तशी त्याची जागा घेण्यासाठी हवा आत यावी लागते. धूळ, चिखल किंवा कीटकांनी केलेली घरटी यांमुळे हा मार्ग बंद झाल्यास आत निर्वात निर्माण होतो व लवचिक टाकी आत ओढली जाते. उलटपक्षी गाडी उन्हात उभी असता बाष्पाचा दाब वाढून ती बाहेर फुगते. पोलादी टाकी असे आकारबदल फारसे करीत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीत मात्र ते वारंवार होत राहिल्याने चिरा पडण्यास मदत होते.

(५) जोडभागांचे दोष : प्रत्यक्षात जुन्या गाड्यांतील पुष्कळशी गळती टाकीच्या भिंतीतून नव्हे, तर तिला जोडलेल्या रबरी नळ्या, कडी आणि पंपाच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून होते. रबर कडक होऊन तडकते. पंपाच्या झाकणावरील नळीचा बुंधा तडकल्यास दाबाखालील पेट्रोल थेट विजेच्या जोडणीजवळ उडू शकते. इंधन भरण्याच्या नळीतील दोष नव्या गाड्यांतही आढळला आहे. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने स्विफ्ट, डिझायर व अर्टिगा या प्रकारांच्या १,०३,३११ गाड्या ही नळी बदलून देण्यासाठी परत बोलाविल्या होत्या. पंप आपोआप बंद झाल्यावरही अधिक इंधन भरल्यास पेट्रोलचा वास येण्याची शक्यता, हे त्याचे कारण देण्यात आले होते.

(६) उष्णतेने होणारी इजा : पॉलिएथिलीन सु. १३० से. तापमानास वितळते व त्याच्या बऱ्याच आधी मऊ होते. यासाठी निष्कास नळी व टाकी यांच्या मध्ये पातळ पत्र्याचा उष्णतारोधक पडदा बसविलेला असतो. जुन्या गाडीत हा पडदा गंजून गळून पडतो किंवा खडखडतो म्हणून काढून टाकला जातो. परिणामी टाकीची एक बाजू सतत तापत राहते.

एथेनॉलमिश्रित पेट्रोल : भारतात २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के एथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के एथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या विक्रीस आरंभ झाला व २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर सर्वसाधारण बनले. २०२३ च्या एप्रिलपासून बाजारात येणाऱ्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनविले जातात. त्यापूर्वीच्या, विशेषतः २०१० च्या आधीच्या, गाड्यांविषयी मात्र काळजी घेणे इष्ट ठरते.

उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनावर एथेनॉलचा थेट परिणाम अल्प होतो. त्यामुळे एथेनॉलने प्लॅस्टिकची टाकी विरघळते, ही समजूत निराधार आहे. खरा परिणाम तीन ठिकाणी होतो. पहिला, जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व कडी फुगतात किंवा मऊ पडतात. दुसरा, भिंतीतून होणारी बाष्पाची गळती काहीशी वाढते. तिसरा, एथेनॉल हवेतील पाणी शोषून घेत असल्याने पंप, तरंगकाटा यांसारखे आतील धातूचे भाग गंजतात. दीर्घकाळ न वापरलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण फार वाढल्यास पाणी व एथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी थर करतात. पॉलिअमाइडाच्या (नायलॉनच्या) टाक्यांचा अनुभव निराळा आहे. हे प्लॅस्टिक पाणी व अल्कोहॉल स्वतःच शोषते. अमेरिकेत काही डुकाटी मोटारसायकलींच्या नायलॉनच्या टाक्या एथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे फुगून वेड्यावाकड्या झाल्या व त्यावरून ग्राहकांनी न्यायालयात दावे केले. टाकी ‘प्लॅस्टिकची’ आहे एवढे कळणे म्हणूनच पुरेसे नसते. ती कोणत्या प्लॅस्टिकची आहे हे महत्त्वाचे असते.

हवामान व भूरचना यांचा परिणाम : या बाबतीत विदर्भातील बुलढाणा जिल्हा हे बोलके उदाहरण आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भाग सस. पासून सु. २५० ते ३०० मी. उंचीवर असून तेथे उन्हाळ्यात तापमान ४२ ते ४५ से. पर्यंत चढते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर मात्र सु. ६५० मी. उंचीवर आहे. मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढून बुलढाण्यास जाणारी गाडी तासाभरात सु. ३५० ते ४०० मी. वर येते. या चढणीत हवेचा दाब सु. ४० मिलिबारने उतरतो. खोऱ्यात तापलेल्या टाकीतील पेट्रोलचे बाष्पीभवन त्यामुळे आणखी वाढते. चढावर टाकीतील द्रव मागच्या बाजूस सरकतो. श्वसनमार्ग बंद असलेल्या किंवा वरच्या भागात चीर असलेल्या जुन्या टाकीचा दोष अशा वेळी हमखास उघड होतो.

उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो, अशी सूचना दरवर्षी समाजमाध्यमांतून पसरते. तिची शहानिशा साध्या हिशेबाने करता येते. तापमान १ से. ने वाढल्यास पेट्रोलचे आकारमान सु. ०.०९५ टक्क्याने वाढते. जमिनीखालील साठ्यातून २८ से. ला भरलेले ३५ लि. पेट्रोल ४५ से. पर्यंत तापल्यास सु. अर्धा लिटर वाढेल. पॉलिएथिलिनाची टाकीही तापल्यावर प्रसरण पावत असल्याने तत्त्वतः त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाढ तिच्यातच सामावते. शिवाय प्रत्येक टाकीत याच कारणासाठी मोकळी जागा राखलेली असते. तेव्हा पंपाची तोटी आपोआप बंद होईपर्यंत भरलेल्या निर्दोष टाकीला उन्हाळ्यात स्फोटाचा धोका नाही. तोटी बंद झाल्यावरही “वरच्या आकड्यापर्यंत भर” असे सांगून ओतलेले पेट्रोल मात्र ही राखीव जागा व्यापते, बाष्प शोषणाऱ्या सक्रियित कोळशाच्या डबीत शिरते आणि तिला निकामी करते. जुन्या गाडीत तेच पेट्रोल वरच्या चिरांतून बाहेर पडते.

आग व अपघात : पेट्रोलचे बाष्प हवेत सु. १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात मिसळले असता ठिणगीने पेटते. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू (ज्या तापमानाला द्रवावरील बाष्प क्षणभर पेट घेऊ शकते ते तापमान) शून्याखाली सु. ४० से. इतका कमी आहे. डीझेलचा प्रज्वलनबिंदू भारतीय मानकानुसार किमान ३५ से. असावा लागतो. त्यामुळे सांडलेले थंड डीझेल सहसा चटकन पेटत नाही. परंतु फुटलेल्या टाकीतून किंवा नळीतून ते तुषारांच्या रूपात तापलेल्या भागांवर वा घर्षणाच्या ठिणग्यांवर उडाल्यास झपाट्याने पेट घेते. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते व ते जमिनीलगत पसरत जाते. म्हणून गळक्या गाडीजवळ काही अंतरावर असलेली शेगडी वा दिवाही धोकादायक ठरतो.

समृद्धी महामार्ग (मुंबई-नागपूर द्रुतगती मार्ग) बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी प्रवासी बस सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ आदळून उलटली व तिने पेट घेतला. बसमधील ३३ जणांपैकी २५ जण मृत्यू पावले. बस दरवाजाच्या बाजूवरच पडल्याने बाहेर पडण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला होता. बचावलेल्यांपैकी काही जण खिडक्या फोडून बाहेर आले. तत्पूर्वी ३० ऑक्टोबर २०१३ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ एक बस मोरीच्या कठड्याला घासून तिच्या डीझेलच्या टाकीने पेट घेतला व ४५ प्रवासी दगावले.

हे अपघात प्लॅस्टिकच्या टाकीचे दोष दाखविणारे नव्हेत. इंधन बाहेर आल्यावर माणसाच्या हाती किती अल्प अवधी उरतो, हे मात्र त्यांवरून स्पष्ट होते. टाकीच्या सुरक्षिततेची सारी मीमांसा अखेर या अवधीशीच निगडित आहे. टाकी कशाची आहे याहून ती कोठे बसविली आहे, हे अनेकदा अधिक निर्णायक ठरते. अमेरिकेतील फोर्ड पिंटो या गाडीची पोलादी टाकी मागील आसाच्या पाठीमागे होती व मागून धडक बसल्यास ती फुटत असे. १९७८ मध्ये या व तिच्या जोडीच्या गाडीच्या सु. १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावाव्या लागल्या. त्यानंतर टाकी मागील आसनाखाली, आसाच्या पुढे बसविण्याची प्रथा दृढ झाली. तेथील वेडीवाकडी जागा व्यापण्यास प्लॅस्टिकची टाकीच सोयीची पडते. धडकेत प्लॅस्टिक चेपून पुन्हा पूर्ववत होते, पत्रा सांध्यावर फाटण्याची शक्यता अधिक असते. आगीत सापडल्यास मात्र प्लॅस्टिक वितळते. द्रवाने भिजलेला भाग काही काळ थंड राहतो, तर रिकामा वरचा भाग आधी मऊ होऊन उघडतो. त्यामुळे दाब साठून टाकी फुटण्याचा संभव कमी होतो, पण इंधन बाहेर पडून आग पसरते.

चाचण्या व मानके : संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या चौतिसाव्या विनियमात प्लॅस्टिकच्या टाक्यांसाठी स्वतंत्र चाचण्या सांगितल्या आहेत. शून्याखाली ४० से. तापमानाला टाकीवर पिरॅमिडाकार टोकाच्या लंबकाचा आघात करतात. ५३ से. ला पाच तास ०.३ बार इतका आतील दाब देतात. ४० से. ला आठ आठवडे ठेवून इंधनाची सरासरी घट चोवीस तासांत २० ग्रॅ. पेक्षा अधिक होत नाही ना, हे पाहतात. अग्निपरीक्षेत अर्धी भरलेली टाकी पेटत्या इंधनावर एक मिनिट प्रत्यक्ष ज्वालेत व आणखी एक मिनिट अप्रत्यक्ष ज्वालेत धरतात. एवढ्यात तिच्यातून द्रव इंधन गळता कामा नये. प्रवाशांना गाडीबाहेर पडण्यास मिळणारा किमान अवधी या दोन मिनिटांत कल्पिलेला आहे. भारतात वाहनांच्या व त्यांच्या भागांच्या अशा चाचण्या पुण्याच्या भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्थेत (ए. आर. ए. आय.; स्थापना १९६६) होतात. गाडीतून होणाऱ्या एकूण बाष्पगळतीसाठी भारत स्टेज ४ मानकात प्रतिचाचणी २ ग्रॅ. ही मर्यादा होती.

या साऱ्या चाचण्या नव्या टाकीवर घेतल्या जातात. पंधरा-वीस वर्षे वापरलेली टाकी त्या पुन्हा उत्तीर्ण होईलच असे नाही. खाजगी मोटारगाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. बुलढाणा जिल्ह्यातील ‘एमएच २८’ क्रमांकाच्या गाड्यांना हाच नियम आहे. मोठ्या शहरांत वापरून झालेल्या गाड्या लहान गावांतून विकत घेतल्या जातात आणि तेथे त्या आणखी अनेक वर्षे धावतात. अशा गाडीच्या टाकीचे वय व पूर्वेतिहास नव्या मालकाला सहसा ज्ञात नसतो. म्हणून खरेदीच्या वेळीच टाकीची तपासणी करून घेणे श्रेयस्कर होय.

तपासणी व दुरुस्ती : टाकी अर्धी असताना व पूर्ण भरल्यावर अशा दोन्ही स्थितींत तपासणी करावी लागते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी वास येतो का, झाकण उघडताना हवा जोराने आत खेचली जाते किंवा बाहेर पडते का, तळाशी ओलसर धूळ चिकटलेली आहे का आणि उष्णतारोधक पडदा जागेवर आहे का, या गोष्टी कोणत्याही उपकरणावाचून पाहता येतात. विदर्भाच्या कोरड्या धुळीत गळतीची जागा काळपट, ओलसर डागावरून चटकन ओळखू येते. मागील आसनाखालील झाकण काढून पंपाचे तोंड व नळ्यांचे बुंधे प्रशिक्षित कारागिराकडून पाहून घेणे इष्ट असते.

पत्र्याच्या टाकीला डाख देण्याची वा पुटीन लावून भोक बुजविण्याची रीत सर्वत्र परिचित आहे. प्लॅस्टिकच्या टाकीला ती लागू पडत नाही. पॉलिएथिलिनाचा पृष्ठभाग मेणासारखा असून त्यावर बहुतेक आसंजके (चिकटविणारे पदार्थ) नीट धरत नाहीत. बाजारात मिळणारी इपॉक्सी लांबी प्रथमदर्शनी घट्ट बसल्यासारखी वाटते, परंतु इंधनाच्या स्पर्शाने व टाकीच्या आकुंचन-प्रसरणाने काही दिवसांत सुटते. तप्त साधनाने त्याच जातीचे प्लॅस्टिक वितळवून जोड देणे शक्य असले, तरी इंधन शोषलेल्या भिंतीत तो जोड दुबळा राहतो. शिवाय रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत उरलेले बाष्प भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते, कारण त्यात हवा मिसळलेली असते. अशा टाकीजवळ ज्वाला वा विजेचे तापते साधन नेल्यास भीषण अपघात होऊ शकतो. बहुथरी टाकीत जोड दिल्याने मधला अडथळ्याचा थरही खंडित होतो. या कारणांनी चीर गेलेली टाकी बदलणे हाच एकमेव खात्रीचा उपाय मानला जातो. गळती रबरी नळीची, कड्याची वा झडपेची असेल, तर तेवढा भाग एथेनॉलला टिकणाऱ्या द्रव्याचा बसविल्यास भागते व खर्चही अल्प येतो.

जुन्या प्रकाराच्या गाडीची नवी टाकी न मिळाल्यास भंगारातील गाडीची टाकी बसविण्याचा मोह होतो. तीही तितकीच जुनी असल्याने हा उपाय तात्पुरताच ठरतो. घरगुती प्लॅस्टिकचा डबा जोडून काम भागविणे तर सर्वस्वी गैर होय. अशा डब्यांना उलटझडप नसते, त्यांचे प्लॅस्टिक इंधनासाठी बनविलेले नसते आणि ओतताना त्यांवर स्थितिक विद्युत् साचून ठिणगी पडू शकते. इंधन तोंडाने ओढून काढण्याची पद्धतही आरोग्यास अपायकारक आहे. पेट्रोल फुप्फुसांत गेल्यास जीवघेणा दाह उद्‌भवतो.

विल्हेवाट : निकामी झालेली टाकी उघड्यावर जाळल्यास दाट काळा धूर होतो व उरलेल्या बाष्पामुळे भडका उडू शकतो. इंधन शोषलेले व वेगवेगळ्या थरांचे प्लॅस्टिक पुनर्वापरात आणणे कठीण असते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांसाठी केलेल्या नियमांनुसार गाडी मोडण्यापूर्वी तिच्यातील इंधन व तेले सुरक्षितपणे काढून घ्यावी लागतात. घरगुती वापरासाठी टाकी कापून तिचे पाण्याचे भांडे बनविणे टाळावे, कारण भिंतीत मुरलेली हायड्रोकार्बने पुढे दीर्घकाळ पाण्यात उतरत राहतात.